गुरुवारी पारा चढतो

१२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र मिळालं, पण वाचायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. अक्षर असं का झालंय ग? एकेक ओळ डुगडुगतेय. तुझ्या अक्षराचे दाखले देऊन देऊन आईने माझं लहानपण नकोसं केलं होतं, आणि आता तूच असं लिहायला लागलीस? डॉक्टरांकडे जाऊन ये. टाळाटाळ करू नकोस.

आणि माझ्याकडे राहायला यायचं काय ठरवलंस? काका गेल्यापासून तू त्या घरात एकटी आहेस. पत्रात 'मी मजेत' असं लिहितेस, पण मजेत असलेली माणसं ते इतक्या वेळा लिहीत नाहीत. काकांची खोली आवरल्याशिवाय निघणार नाही म्हणतेस, मग आवर. दिवाळीत सांगितलं तेच पुन्हा सांगते, एकदम होत नसेल तर थोडी थोडी आवर. दर आठवड्याला थोडं थोडं टाकलंस तरी उन्हाळ्यापर्यंत मोकळी होशील. फोनवर हे सांगायला गेले तर माझा घसा बसतो आणि तुला एक अक्षर ऐकू जात नाही, म्हणून हा कागद.

माझं विचारशील तर धुराड्याशी झटापट चालू आहे. गावोगावचा कचरा आमच्या भट्टीत जळतो आणि त्याचा धूर स्वच्छ करून मगच वर सोडायचा, ते खातं माझं. एरवी सगळं सुरळीत असतं, पण नव्या वर्षापासून एक दुखणं लागलंय. दर गुरुवारी पारा चढतो. सकाळी चढतो, तास-दीड तास कुणालाही दाद देत नाही, मग आपोआप उतरतो. मी कोळसा वाढवून पाहिला, पाणी मारून पाहिलं, ढिम्म फरक नाही. साहेब माझ्याकडे बघतात आणि मी छताकडे. असंच चाललं तर माझी या खात्यातून उचलबांगडी ठरलेली आहे.

उत्तर लवकर लिही, आणि डॉक्टर काय म्हणाले तेही लिही.

तुझी ठिणगी


२० फेब्रुवारी

ठिणगे,

आधी तुझं दुखणं, मग माझं.

कुणाचा पारा चढतो ते तू लिहिलं नाहीस. नोकरीतल्या माणसांची नावं पत्रात घालू नयेत, हे शहाणपण तुला आलं याचा मला आनंद झाला. पण मला काय कळत नाही? साहेबाचाच असणार. माणूस गुरुवारीच का भडकतो ते आधी शोधून काढ. त्या दिवशी त्याच्या घरी सासूबाई येत असतील, किंवा नीट खाऊन निघत नसेल. पारा चढलेला असताना समोर जाऊ नकोस, तासाभराने जा आणि चहा घेऊन जा. आणि कोळसा कशाला वाढवतेस बाई? भडकलेल्या माणसाला कोळसा घालतात का कुणी? त्यावर पाणी मारलंस म्हणतेस, हे तर फारच झालं. कितीही झालं तरी साहेब आहे तो. लहानपणी तू पाय आपटायचीस तेव्हा मी तुझ्यावर पाणी मारायचे, पण तू चार वर्षांची होतीस. ते बघूनच यांनी तुझं नाव ठिणगी ठेवलं.

आता माझं. अक्षराला काही झालेलं नाही. पेन स्वस्तातलं आहे. हात थोडा कापतो, पण या वयात काय तो कातळासारखा राहील? डॉक्टरांकडे जाईन, थंडी कमी होऊ दे.

खोली मी तुझ्या सांगण्याप्रमाणेच आवरते आहे, नव्या वर्षापासून. यांच्या दुरुस्तीच्या टेबलाखाली आणि कपाटात त्या रक्तदाबाच्या यंत्रांच्या पेट्या एकावर एक रचलेल्या आहेत. दवाखाने जुनी यंत्रं द्यायचे आणि हे कुणाला नाही म्हणायचे नाहीत. दर बुधवारी कचऱ्याची गाडी येते, तेव्हा मी एक पेटी देते. एकच. यांच्या जुन्या सदऱ्यात गुंडाळून देते, उगाच कुणाला काच लागायला नको. आता आमच्या गावचा कचरा इथे पुरत नाहीत, लांब कुठेतरी नेतात म्हणे. गाडी नवी आहे आणि चालक मोठा सभ्य आहे. मी फाटकाशी पोचेपर्यंत थांबतो.

झोपायला मी आता यांच्याच खोलीत पलंग टाकला आहे. खोली लहान, खिडक्या लावल्या की ऊब राहते. दिवस निघून जातो. संध्याकाळी तेवढं हातावर कुणी लिहीत नाही.

मी मजेत.

तुझी मावशी


१ मार्च

मावशी ग,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि मला ठसका लागला. मग मोठ्याने वाचून दाखवावं लागलं, आणि साहेब नेमके दारात उभे होते. गुरुवारी त्यांच्या सासूबाई येत नाहीत, असा त्यांनी तुला निरोप दिला आहे. चहाची सूचना मात्र त्यांना मान्य आहे.

अगं, पारा म्हणजे राग नव्हे, पारा! धातू! चूक माझीच, मी घाईत लिहिलं. नीट सांगते. कचऱ्यात काय वाटेल ते येतं. रंगातलं, तारांमधलं शिसं येतं, जुन्या बॅटऱ्यांतलं कॅडमियम येतं. भट्टीत ते धुळीला चिकटतं आणि धुराच्या वाटेवर आमच्या मोठाल्या कापडी पिशव्या टांगलेल्या असतात, त्यांत ती धूळ अडकते. पाऱ्याचं तसं नाही. तो वाफ होतो आणि पिशव्यांतून निसटतो. म्हणून धुरात कोळशाची अगदी बारीक भुकटी फवारायची. पारा तिला चिकटतो आणि मग भुकटीसकट पिशवीत सापडतो. तो माझा 'कोळसा'. धूर पाण्याने धुतात, ते माझं 'पाणी'. साहेबांवर मी काहीही मारलेलं नाही.

पण एकदम जास्त पारा आला की भुकटी पुरी पडत नाही आणि धुराड्यावरचा मीटर मर्यादेच्या वर जातो. आजही गेला. मागच्या वर्षाअखेरीस आम्ही तीन नव्या गावांचा कचरा घ्यायला लागलो, त्यांतलाच कुणीतरी आहे. एखादा दवाखाना जुनी यंत्रं लपवून कचऱ्यात ढकलत असावा. दर आठवड्याला एक, म्हणजे मुद्दाम, पकडलं जाऊ नये म्हणून! खालच्या वस्तीत शाळा आहे, मावशी. मुलं त्या हवेत खेळतात. तो माणूस सापडला तर मी त्याला असं फैलावर घेईन की आयुष्यभर आठवण राहील. आता तपासनीस येणार आहेत. पुन्हा मर्यादा ओलांडली तर भट्टी बंद, आणि माझं नाव त्या कागदावर पहिलं.

डॉक्टरांकडे गेलीस का? या पत्रात तर अक्षर आणखी वाकडं होतं. पेनाला दोष देऊ नकोस. मी दोन चांगली पेनं पाठवते आहे.

तुझी ठिणगी


९ मार्च

ठिणगे,

पेनं मिळाली. चांगली आहेत.

पत्र लहान आहे, रागावू नकोस. मला अलीकडे लवकर थकायला होतं.

यांची खोली आवरायचं मी थांबवलं आहे. त्यामुळे तुझ्याकडे येणं इतक्यात व्हायचं नाही. या बुधवारी गाडी आली तेव्हा मी बाहेर गेले नाही. चालकाने भोंगा वाजवला असेल, मला काय ऐकू येणार.

सहज विचारते. एखाद्या घरात पारा असला तर तो झाकणाच्या बरणीत ओतून ठेवला की पुरे होतं ना? म्हणजे कचऱ्यात जायला नको आणि शाळेतल्या मुलांना त्रास नको. साखरेची मोठी बरणी असते तशी. पलंगाखाली अंधारात ठेवली तर बरं की उजेडात?

आणि तो तुझा माणूस मुद्दाम करत असेल असं मला वाटत नाही. कुणाकुणाला एकदम टाकवत नाही ग.

मावशी


१३ मार्च

मावशी,

हे पत्र तुझ्या हातात देणारा तोच आहे, तुमच्या गाडीचा चालक. तो आमचाच आहे. त्याच्यादेखत वाच.

तू काहीही आवरू नकोस. झाडू मारू नकोस. बरणीला हात लावू नकोस, झाकण उघडून बघू नकोस. खोलीची खिडकी सताड उघड, खोलीचं दार बाहेरून लावून घे, आणि आता या क्षणी समोरच्या शिंपीणबाईंकडे राहायला जा. त्यांना मी फोनवर सगळं सांगितलं आहे. अंगावरचे कपडेही बदल. शनिवारी मी येते, माझ्याबरोबर आमची माणसं येतील. त्यांचे पांढरे डगले बघून घाबरू नकोस.

मावशी, गेल्या गुरुवारी पारा चढला नाही. सगळे मीटरसमोर उभे होते, काटा हलला नाही, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी खुशीतच होते, आणि काल घरी आले तर तुझं पत्र आलेलं. बरणीपर्यंत वाचलं आणि तिथेच थांबले. मग मागची पत्रं काढली. नव्या वर्षापासून, दर बुधवारी, एक पेटी. तू मला सगळं लिहून कळवलं होतंस आणि मी साहेबांच्या सासूबाईंवर हसत बसले. काकांच्या टेबलावर पाऱ्याचे मणी पळवत मी लहानाची मोठी झाले, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. भट्टीत पारा कुठून येतो हे शोधायला मी तीन गावांतल्या दवाखान्यांच्या याद्या पालथ्या घातल्या, आणि त्या खोलीत तू खिडक्या लावून झोपतेस हे वाचून पुढच्या ओळीवर गेले.

तुझ्या हाताला झालंय ते वयाने नाही, असं मला वाटतं. मला फार भीती वाटते आहे.

फैलावर घेईन वगैरे जे लिहिलं ते विसर. तुला नव्हतं ते. थोडं थोडं टाक, हे तर मीच सांगितलं होतं.

तुझी ठिणगी


२ एप्रिल

ठिणगे,

हे पत्र शिंपीणबाईंच्या शिलाईयंत्रावर कागद ठेवून लिहिते आहे. बाई चांगली आहे, पण माझ्याशी बोलताना तोंडात टाचण्या धरते, त्यामुळे ओठांवरूनही काही समजत नाही. आम्ही दोघी मान हलवतो आणि दिवस छान जातो.

त्या दिवशी तुझी माणसं खोलीत शिरताना मी त्यांना पाय पुसा म्हटलं म्हणून तू माझ्यावर डोळे वटारलेस. सवयीने म्हटलं ग. नंतर दारातून बघितलं तर फरशीच्या फटींतून ते मणी निघतच होते, टेबलाखाली, कपाटामागे, माझ्या पलंगाखाली. इतक्या वर्षांत यांच्या हातून सांडलेले थेंब. सांडले की हे म्हणायचे, जाऊ दे, परत सापडतील. सापडले खरे.

तुला एक विचारायचं राहून गेलं. शेवटच्या दोन-तीन वर्षांत यांचाही हात असाच कापायचा. स्क्रू बसवताना चिडायचे. आपण सगळे वय झालं म्हणत होतो. ते वय नव्हतं का? उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पण दिलंस तर खरं दे.

आता पेट्यांचं सांगते. अंगात जोर होता तेव्हाच मी सगळ्या एकदम देऊ शकले असते. गाडी मोठी आहे आणि चालकाने उचलल्या असत्या. पण मंगळवारी मी एक पेटी काढायची, पुसायची, सदऱ्यात गुंडाळायची. रात्रभर ती टेबलावर असायची. बुधवारी फाटकापर्यंत न्यायची. एवढ्याने माझा आठवडा भरायचा. एकदम दिल्या असत्या तर हे एकदमच गेले असते. म्हणून एक.

तुझ्या धुराड्याला त्याचा त्रास होत होता हे कळलं तेव्हा मला रडू आलं, आणि मग थोडं हसूही. हे कायम म्हणायचे, एकदा ठिणगीची भट्टी बघायला जाऊ. कधी आले नाहीत. आता दर गुरुवारी येत होते, आणि तू म्हणत होतीस कोण हा मेला!

अजून एक. निघताना तू त्या नव्या, बॅटरीवरच्या यंत्राने माझा दाब तपासलास आणि माझ्या तळहातावर बोटाने लिहिलंस, एकशे तीस, खाली ऐंशी. यंत्राचा आकडा माझ्याकडे तोंड करून होता, ठिणगे. मला ऐकू येत नाही, दिसतं. हेही रोज संध्याकाळी तपासायचे आणि रोज हातावर तेच लिहायचे, एकशे तीस, खाली ऐंशी. पारा कुठे थरथरायला लागतो ते मला समोरच्या नळीत दिसायचं. मी कधी बोलले नाही. त्यांना लिहिताना बरं वाटायचं आणि मला लिहून घेताना.

पण आता ते नको. तपासणीचा कागद तुझ्या पत्त्यावर गेला आहे. आकडा खरा सांग.

मावशी


२० एप्रिल

मावशी,

खरा आकडा सांगते. लघवीतला पारा शहाण्णव आला आहे. तो पाचाच्या आत असायला हवा. कागद उघडला आणि तशीच डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांशी मी तासभर भांडल्यासारखी बोलले. ते म्हणतात, त्या खोलीपासून लांब राहणं हेच अर्ध्याहून अधिक औषध आहे. गोळ्या लिहून दिल्या आहेत. शरीर पारा हळूहळू सोडतं, काही महिने लागतील. हात बराचसा सुधारेल. पूर्ण सुधारेल का, ते त्यांनी सांगितलं नाही, म्हणून मीही सांगत नाही.

काकांचं विचारलंस. मी डॉक्टरांना विचारलं. नक्की कुणीच सांगू शकत नाही, पण ते वय नसावं. मला तुझ्याशी खोटं बोलायचं होतं, मावशी. लिहिलेला कागद फाडला आणि हा घेतला.

साहेबांना मी सगळं सांगितलं, तो माणूस माझी मावशी आहे हेही. वाटलं, आता खरंच पारा चढणार. पण ते म्हणाले, 'माझ्या आईच्या कपाटात पण तसलं एक यंत्र आहे. मी आजच घेऊन येतो.' तपासनीसांपुढे ते माझ्या शेजारी उभे राहिले. भट्टी चालू राहिली आहे आणि मीही माझ्या खात्यात आहे. आता प्रत्येक गाडीला मागे एक लाल झाकणाची वेगळी पेटी बसवली आहे, जुनी तापमापकं, दाबाची यंत्रं, बॅटऱ्या त्यात द्यायच्या. पहिल्या आठवड्यात इतकं आलं की चालकाला ती दोनदा रिकामी करावी लागली. घराघरांतल्या कपाटांत हे पडून होतं आणि आम्ही धुराड्यावर मीटर लावून वाट बघत होतो.

तू टाकलेल्या पेट्यांचं म्हणशील तर बराचसा पारा कोळशाच्या भुकटीने धरला. ती भुकटी पिंपांत सीलबंद होऊन कोरड्या जागी पुरली जाते, तिथून तो परत हवेत येत नाही. थोडा निसटला, तोही मी मोजला आहे. त्यानंतर दोन आठवडे शाळेच्या आवारातली हवा मी स्वतः तपासली. ठीक आहे. हा आकडाही खरा आहे.

बाकी, काका आमच्याकडे दर गुरुवारी येत होते हे मी इथे कुणाला सांगितलं नाही. पण आता गुरुवारी सकाळी मीटर शांत असतो, आणि मला करमत नाही.

तुझी ठिणगी


१६ जुलै

ठिणगे,

बघ, ओळ सरळ आली आहे. तुझ्या पेनाला श्रेय देणार नाही.

डॉक्टरांनी या वेळी कागद माझ्याच हातात दिला. सत्तेचाळीस. अजून पुष्कळ आहे, पण उतरतो आहे. कपाची बशी आता वाजत नाही. म्हणजे वाजत असली तरी मला कुठे ऐकू येते, पण चहा बशीत सांडत नाही.

खोलीची फरशी नवी घातली. खिडक्या दिवसभर उघड्या असतात. टेबल रिकामं बघवेल की नाही अशी धास्ती होती. बघवलं. पहिल्या दिवशी दारातून, मग आत जाऊन. रडले, पण बसून, नीट रडले. नंतर शिंपीणबाईने तिथे आपले कापडाचे गठ्ठे आणून टाकले. मी ते तिथेच राहू दिले. ती जागा तिला देऊनच टाकते, उजेड चांगला आहे.

बुधवारी गाडी आली. द्यायला काही नव्हतं, तरी मी फाटकापर्यंत गेले. चालक थांबला, खाली उतरला, लाल झाकण उघडून दाखवलं. आत एक यंत्र होतं, कुणाच्या तरी घरचं, सदऱ्यात नव्हे पण टॉवेलात नीट गुंडाळलेलं. मी त्याला म्हटलं, जपून ने. तो मान हलवून म्हणाला, हो आजी. ओठांवरून कळलं.

तेव्हा आता माझं इथलं आवरलं. मी तुझ्याकडे येते. पुढच्या महिन्यात ये आणि घेऊन जा. सामान फार नाही. तुझी भट्टी बघायची आहे, ते पहिलं काम. यांच्या वतीनेही बघेन.

एक अट आहे. रोज संध्याकाळी माझा दाब तपासायचा आणि आकडा हातावर लिहायचा, बोटाने, तसाच. खरा मी यंत्रावर वाचेन. हातावर मात्र तू एकशे तीस, खाली ऐंशी, एवढंच लिहायचं.

मावशी